रतीब

बर्फ धरलं की हीउमा बेटावर वाचनालयात येतं कोण?
मी असते, शेगडी असते,
आणि दारात बूट आपटणारा उर्मस मास्तर,
तोही खरं तर कॉफीसाठी.

बाकीच्यांनी रतीब लावलाय.
फीड म्हणतात त्याला, पण काम रतिबाचंच:
एकदा सांगून ठेवायचं, मग रोज हाक मारायला नको.
त्यांची यंत्रंच येतात माझ्या दाराशी,
दर अर्ध्या तासाला, भांडं घेऊन:
काही नवीन?
आणि आमचं यंत्र आतूनच सांगतं:
जैसे थे.

हेल्लेला खुनाच्या गोष्टी हव्यात, रक्त जरा बेताचं.
कायसाच्या जुळ्यांना डायनासोर.
मास्तराने लावलंय 'सगळं',
आणि सगळंच येतं म्हणून तक्रारही त्याचीच.

वाल्देक आला होता तो मार्चमध्ये.
चाळीस वर्षं फेरीबोटीच्या इंजिनखोलीत काढलेला माणूस,
नखांत अजून तेल.
टेबलाशी बसून दोन बोटांनी पासवर्ड टाइप केला,
तीनदा चुकला.
विषय? मी विचारलं.
वाळवंट, म्हणाला.
कुठलं?
कुठलंही. कोरडं असलं म्हणजे झालं.

वाळवंटाची पुस्तकं आमच्याकडे येतात
वर्षाला दोन, फार तर तीन.
उरलेल्या साडेसतरा हजार खेपांना
जैसे थे, जैसे थे.
पण ते तिसरं आलं, की दुसऱ्या दिवशी
दार उघडायच्या आधी तो पायरीवर,
टोपी हातात.

नोव्हेंबरात तो गेला.
रविवारी चर्चच्या दारात कळलं.
सोमवारी मी नोंदी उघडल्या, का ते माहीत नाही:
त्याचं यंत्र सहाला येऊन गेलं होतं.
साडेसहाला. सातला.
त्याला कोण सांगणार?

कार्ड रद्द करता येतं, तसा फॉर्म आहे.
रतिबाच्या वहीत नाव नसतं,
नुसता पत्ता, तोही आकड्यांचा.
तो मला ओळखू येतो
हेच मुळात नियमात बसत नाही.

डिसेंबरात एक पुस्तक आलं:
मिठाचे तांडे, उंट, सुकलेल्या विहिरी.
यादीत चढवायला मी तीन दिवस लावले,
आधी पाठीवरचं लेबल वाकडं लागलं,
मग दुपार झाली, मग शनिवार.
शेवटी केली नोंद.
नऊ वाजता त्याचं यंत्र आलं
आणि थंडी सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच
रिकामं गेलं नाही.

त्या बंद घरात, न लावलेल्या दिव्याशेजारी
एक ओळ उजळली असेल.
एवढंच.

मायरे, त्याची मुलगी, हेलसिंकीहून आली.
तीन पुस्तकं काउंटरवर ठेवून दंड विचारला.
मी म्हटलं, समुद्र गोठलेला असताना दंड नसतो.
असा नियम नाही. तो मी तेव्हाच केला.
मग म्हणाली, बाबांच्या कॉम्प्युटरवर कसलीशी ओळ येते.
ती बंद कशी करायची?
मी चिठ्ठीवर लिहून दिलं: इथे दाबा, मग इथे.
फार सोपं आहे. तिने चिठ्ठी हातमोज्यात घातली.
ओळ कसली होती, तिने विचारलं नाही,
मीही सांगितलं नाही.

गुरुवारी पावणेदहानंतर नोंद नाही.
शुक्रवारी नाही. पुढचा आख्खा आठवडा नाही.
बरं झालं, म्हणत मी शेगडीतली राख काढली,
दोनदा.

मग एका रात्री, अकरा चाळीसला,
समुद्रापलीकडचा पत्ता.
अर्ध्या तासाला नाही, दिवसातून एकदाच,
झोपण्याआधी कुणी कुलूप ओढून पाहावं तसा.
विषय तोच.

जानेवारीत संचालकबाईंनी आकडे मागवले.
वाळवंट, वाचक एक.
बंद करू या का हे?
असू दे, मी म्हटलं, त्याला काय दाणापाणी लागतं?

आज रात्रीही काही नाही. जैसे थे.
पण येत्या खरेदीच्या यादीत, अगदी तळाला,
खोडता यावं म्हणून पेन्सिलीने
मी लिहून ठेवलंय:
कोरडं काहीतरी.